गावाचे संकेतस्थळ : उभारणी आणि जोपासना

जुन्नरहून पश्चिमेस निघालेली वाट सह्याद्रीच्या कड्याशी येते आणि नाणेघाटातून कोकणात उतरते. घाटमाथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेल्या या लेखात कोणते यज्ञ केले आणि त्या वेळी किती गाई, किती घोडे, किती कार्षापणे दान दिली, याची आकड्यांनिशी नोंद आहे. जुन्नर परिसरातील इतर लेण्यांतही कोणी लेणे दिले, कोणी पाण्याचे टाके खोदविले, हे सांगणारे लहान लहान लेख आढळतात. काय केले, किती दिले आणि कोणी दिले, हे येणाऱ्या-जाणाऱ्यास वाचता येईल अशा जागी लिहून ठेवावे, ही रीत या मुलखाला नवी नाही.

पुढच्या काळात चावडीवरची दवंडी आणि ग्रामपंचायतीचा नोटीस फलक यांनी हेच काम चालविले. ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ हा त्याच परंपरेतील आजचा फलक होय. मात्र दोहोंत एक मोठा फरक आहे. दगडावरील अक्षर कोणी सांभाळले नाही तरी टिकते. संकेतस्थळ सांभाळले नाही तर वर्षा-दोन वर्षांत नाहीसे होते. म्हणून संकेतस्थळ कसे उभारावे याइतकाच ते कोणाच्या हाती राहावे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ४ अन्वये प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपली कार्ये, कर्तव्ये, निर्णय घेण्याची पद्धत, अंदाजपत्रक इत्यादी १७ बाबींची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतः होऊन प्रसिद्ध करावयाची असते आणि ती दरवर्षी अद्ययावत करावयाची असते. राज्यात २०२५ च्या आरंभी शासकीय कार्यालयांसाठी १०० दिवसांची सुधारणा मोहीम हाती घेण्यात आली, तेव्हा तिच्या सात मुद्द्यांत संकेतस्थळाचा मुद्दा पहिला होता. तेव्हा हे काम आता हौसेचे राहिलेले नाही, कर्तव्याचे झाले आहे. ते तंत्रज्ञाच्या मदतीने आरंभावे, पण गावाने स्वतःच्या हाताने चालवावे, यासाठी आवश्यक ती माहिती या लेखात दिली आहे.

संकेतस्थळ कोणासाठी?

आरंभी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : हे वाचणार कोण? जुन्नर व आंबेगाव हे तालुके शेजारचे असले, तरी या प्रश्नाचे उत्तर गावागणिक बदलते. पूर्वेकडील बागायती पट्ट्यात नारायणगाव आणि मंचर यांसारखी बाजाराची गावे आहेत. शिवनेरी किल्ला आणि अष्टविनायकांपैकी लेण्याद्री व ओझर ही दोन स्थाने पाहण्यासाठी बाहेरचे लोक मोठ्या संख्येने येतात. राज्य शासनाने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. अशा गावांच्या संकेतस्थळावर बाहेरचा वाचक येणार, हे उघड आहे.

पश्चिमेकडील डोंगरी भागाचे चित्र निराळे आहे. तेथे एका ग्रामपंचायतीत दूरदूर विखुरलेल्या अनेक वाड्या असतात. भातशेती आणि हिरड्यासारखी वनोपज यांवर जगणाऱ्या आदिवासी कुटुंबांना पंचायत कार्यालयापर्यंत येण्यास अर्धा दिवस मोडावा लागतो. गावातील अनेकजण मुंबईस नोकरी-व्यवसायासाठी असतात. त्यांचे घर, घरपट्टी आणि मत गावीच असते. या वाचकांना गावाचे वर्णन नको असते. कार्यालय कोणत्या दिवशी उघडे आहे, ग्रामसभा केव्हा आहे, नमुना ८ च्या उताऱ्यासाठी कोणती कागदपत्रे लागतात, मागच्या सभेत वाडीच्या रस्त्याविषयी काय ठरले, हे त्यांना हवे असते.

बरीच संकेतस्थळे बाहेरच्या पाहुण्यासाठी सजविलेली दिसतात. किल्ल्याचे छायाचित्र ठळक असते आणि दाखल्याची माहिती सापडत नाही. पाहुण्याचे स्वागत अवश्य करावे, परंतु घरच्या माणसाला अंगणात तिष्ठत ठेवून नव्हे.

प्रणाली म्हणजे काय?

संकेतस्थळांच्या आरंभीच्या काळात प्रत्येक पान एचटीएमएल या संगणकीय खुणांच्या भाषेत हाताने लिहावे लागे. ग्रामसभेची तारीख बदलावयाची झाली, तरी ती भाषा जाणणारा मनुष्य शोधावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे आशय-व्यवस्थापन प्रणाली, पुढे आल्या. द्रुपल २००१ मध्ये, वर्डप्रेस २००३ मध्ये आणि जुमला २००५ मध्ये उपलब्ध झाली. या तिन्ही प्रणाली मुक्त स्वरूपाच्या आहेत. त्यांना परवाना शुल्क नाही आणि त्यांची मूळ संगणकीय संहिता कोणासही पाहता व सुधारता येते.

या प्रणालीचे मर्म समजण्यास ग्रामपंचायतीच्या दप्तरासारखे दुसरे उदाहरण नाही. ग्रामपंचायतीत १ ते ३३ नमुने ठेवावयाचे असतात. नमुन्यातील रकाने ठरलेले असतात. नोंदी मात्र बदलत राहतात. नोंद करणाऱ्यास रकाने आखावे लागत नाहीत आणि रकाने आखणाऱ्यास नोंदी ठाऊक असाव्या लागत नाहीत. आशय-व्यवस्थापन प्रणालीत हेच घडते. पानाची आखणी, रंग, अक्षरांचा आकार हे सारे एका ठिकाणी असते. त्यास थीम म्हणतात. मजकूर दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे विदागारात, साठविलेला असतो. वाचकाने पान उघडले की प्रणाली विदागारातून मजकूर काढून आखणीत बसविते आणि पान तयार करून देते.

ही फारकत झाल्यामुळेच ज्याला संगणकाची भाषा येत नाही असा ग्रामपंचायत अधिकारी, सेवा केंद्राचा केंद्रचालक किंवा शाळेतील शिक्षक मजकूर लिहू व दुरुस्त करू शकतो. दहा वर्षांनी संकेतस्थळाचे रूप बदलावे असे वाटले, तर थीम बदलावी. दहा वर्षांचा मजकूर जसाच्या तसा राहतो. शासनाच्या पातळीवर राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने याच तत्त्वावर एस-थ्री-वास ही सेवा विकसित केली असून पुणे जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ तिच्या साहाय्याने चालते. पुढील विवेचनात वर्डप्रेसचे उदाहरण घेतले आहे. तत्त्वे सर्वत्र सारखीच आहेत.

नाव आणि जागा

संकेतस्थळाला दोन गोष्टी लागतात : नाव आणि जागा. नाव म्हणजे वाचक जो पत्ता लिहितो तो. डॉट गव्ह डॉट इन या शब्दांनी संपणारे नाव केवळ शासकीय संस्थांना मिळते. म्हणून वाचकाचा त्यावर विश्वास बसतो. देवनागरीतील डॉट भारत ही नावे २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळू लागली आणि शासकीय संस्थांसाठी सरकार डॉट भारत हा स्वतंत्र विभागही आहे. शासकीय नावासाठी पंचायत समितीमार्फत, जिल्ह्यातील राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या कार्यालयाकडे विचारणा करणे इष्ट.

नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदविले जाते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. म्हणून नोंदणी ग्रामपंचायतीच्या नावाने आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयीन ई-मेल पत्त्यावर झाली पाहिजे. काम करणाऱ्या कारागिराच्या किंवा एखाद्या उत्साही तरुणाच्या नावाने ती कदापि होऊ देऊ नये.

जागा म्हणजे ज्या सर्व्हरवर मजकूर साठविला जातो ती. जागा घेताना चार गोष्टी पाहाव्यात. एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र असावे. रोज किंवा निदान आठवड्याला प्रतिलिपी, म्हणजे बॅकअप, घेण्याची सोय असावी. ती प्रतिलिपी ग्रामपंचायतीस उतरवून घेता यावी. आणि उद्या दुसरीकडे जावयाचे ठरल्यास सर्व मजकूर नेता यावा. प्रणाली मोफत असली तरी नाव व जागा यांचा खर्च दरवर्षी येतो. तो पहिल्या वर्षाच्या उत्साहावर सोडू नये. अंदाजपत्रकात त्याची वार्षिक तरतूद असावी.

पहिली मांडणी

प्रणाली बसविण्यास फार वेळ लागत नाही. खरा विचार त्यानंतरच्या मांडणीस लागतो. प्रथम सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करावी, वेळेचा विभाग कोलकाता निवडावा आणि दिनांकाचे स्वरूप ठरवावे. वेळेचा विभाग चुकला तर मध्यरात्रीनंतर लावलेल्या सूचनेवर आदल्या दिवसाची तारीख पडते. ग्रामसभेच्या नोटिशीच्या बाबतीत अशी चूक वादाचे कारण होऊ शकते.

पानांच्या पत्त्यांची बाबही प्रारंभीच ठरवावी. मराठी शीर्षकावरून पत्ता आपोआप तयार होतो. पण तो संदेशातून पाठविला की देवनागरीतील प्रत्येक चिन्हाच्या जागी टक्क्यांच्या खुणा व अंक-अक्षरे मिळून नऊ चिन्हे उमटतात. ‘ग्रामसभा’ हा लहानसा शब्द संगणकाच्या हिशेबी आठ चिन्हांचा आहे. त्याची अशा पत्त्यात बहात्तर चिन्हे होतात. असा पत्ता मध्येच तुटतो आणि पान उघडत नाही. म्हणून पत्ता रोमन लिपीत, आखूड ठेवावा. शीर्षक अर्थातच मराठीत असावे.

वर्डप्रेसमध्ये मजकुराचे दोन प्रकार असतात. ‘पान’ हे स्थायी मजकुरासाठी आणि ‘नोंद’ ही तारखेनिशी येणाऱ्या मजकुरासाठी असते. पंचायतीच्या भिंतीवर रंगविलेला मजकूर आणि फलकावर टाचणीने लावलेली नोटीस, यांत जो फरक आहे तोच या दोहोंत आहे. गावाची ओळख, पदाधिकारी, सेवा व दाखले, माहिती अधिकाराची माहिती ही पाने होत. ग्रामसभेची नोटीस, पाणीपुरवठ्याच्या वेळेतील बदल, लसीकरण शिबिर, बिबट्याचा वावर आढळल्यास सावधगिरीची सूचना आणि वन विभागाचा १९२६ हा क्रमांक, या नोंदी होत. हा भेद पाळला नाही, तर जुन्या नोटिसा पानांवर चिकटून राहतात आणि वाचकाची दिशाभूल करतात.

मुख्य सूचीत सहा-सात शीर्षकांहून अधिक नसावीत आणि त्यांचे शब्द गावातले असावेत. ‘नागरिककेंद्रित सेवा’ यापेक्षा ‘दाखले व उतारे’ हे शीर्षक अधिक चांगले. घरपट्टी भरावयास आलेला मनुष्य ‘घरपट्टी’ हाच शब्द शोधतो. ‘महसुली संसाधने’ नव्हे.

रूप घडविताना

आपल्या गावाचे संकेतस्थळ इतरांहून निराळे दिसावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु रूपापेक्षा उपयोगाच्या दृष्टीने केलेला बदल अधिक मोलाचा ठरतो. याचे चांगले उदाहरण म्हणजे ग्रामसभेसाठी स्वतंत्र नमुना. वर्डप्रेसमध्ये प्लगइन नावाच्या पूरक भागाच्या साहाय्याने ‘ग्रामसभा’ हा नवा प्रकार निर्माण करता येतो. त्यात सभेचा दिनांक, स्थळ, विषयपत्रिका, उपस्थिती, ठराव क्रमांक, ठरावाचा मजकूर आणि त्यावरील कार्यवाही असे रकाने ठेवावेत. प्रत्येक सभेनंतर ते भरले की वर्षानुवर्षांचे ठराव आपोआप क्रमाने लागतात व शोधता येतात. ‘कार्यवाही’ हा रकाना रिकामा राहिला तर तोही सर्वांना दिसतो. संकेतस्थळाने गावच्या कारभारात काही फरक पडणार असेल, तर तो अशा रकान्यांनी पडेल.

थीम निवडताना ती नियमित सुधारली जाते काय, हे पाहावे. तयार थीमच्या मूळ फायलींत फेरफार करू नये. पुढील सुधारणा आली की ते पुसले जातात. त्यासाठी ‘चाइल्ड थीम’ची सोय असते. मूळ थीम तशीच ठेवून आपले बदल या उपथीममध्ये केले म्हणजे ते टिकतात. वर्डप्रेसमध्ये २०१८ पासून मजकूर ठोकळ्यांच्या स्वरूपात रचण्याची पद्धत आली आहे. परिच्छेद, चित्र, तक्ता हे प्रत्येकी एक ठोकळा असतात आणि ते वर-खाली हलविता येतात. त्यामुळे पुष्कळसे बदल संहितेस हात न लावता करता येतात.

प्लगइनचा मोह आवरावा. प्रत्येक प्लगइन म्हणजे घराला पाडलेले आणखी एक दार होय. त्यास कडी लावणे आणि ती तपासणे आलेच. सरकती अक्षरे, आपोआप बदलणारी चित्रे, भेट देणाऱ्यांची संख्या दाखविणारे आकडे यांनी पान जड होते. छायाचित्रांचेही तसेच आहे. भ्रमणध्वनीवर काढलेले एक चित्र सहज ४ एमबीचे असते. उद्घाटनाची अशी बारा चित्रे एका पानावर लावली, की ते पान ४८ एमबीचे झाले. भीमाशंकरच्या डोंगरांलगतच्या एखाद्या वाडीत, जेथे झाडाखाली उभे राहिल्याशिवाय संपर्क मिळत नाही, तेथे हे पान उघडणारच नाही. तीच चित्रे आकार कमी करून प्रत्येकी २०० केबीची केली तर सर्व मिळून अडीच एमबीच्या आत बसतात. प्रत्येक चित्रास शब्दांत वर्णनही द्यावे. ज्यांना दिसत नाही असे वाचक वाचून दाखविणाऱ्या साधनाच्या मदतीने ते ऐकू शकतात.

मराठी अक्षरांचा प्रश्न

आपल्या कार्यालयांत पूर्वीच्या निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर अजून पुष्कळ आहे. तो फॉन्ट ज्या संगणकात असेल तेथेच ती मराठी दिसते. अन्यत्र निरर्थक चिन्हे दिसतात. म्हणून संकेतस्थळावरील सर्व मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुना मजकूर परिवर्तकाच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येतो. पण त्यानंतर तो एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण जोडाक्षरे आणि अंक येथे हमखास चुका होतात.

दुसरी प्रचलित सवय म्हणजे कागदाचे छायाचित्र काढून तेच संकेतस्थळावर चढविणे. सही-शिक्क्याची प्रत अवश्य ठेवावी. पण तिच्यासोबत मजकूरही टंकलिखित करून द्यावा. चित्रातील अक्षरे बहुधा शोधली असता सापडत नाहीत, भ्रमणध्वनीवर मोठी करून वाचण्यास त्रास होतो आणि आंधळ्या माणसाच्या कानी तर पडतच नाहीत. मराठी वर्णमाला व अक्षरे यांच्या प्रमाणीकरणासाठी ६ नोव्हेंबर २००९ रोजी शासन निर्णय काढण्यात आला होता. फॉन्ट निवडताना मराठी वळणाचा ‘ल’ व ‘श’ मिळतो काय, हेही पाहावे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेला मुक्त हा फॉन्ट विनामूल्य वापरता येतो.

काय प्रसिद्ध करावे, काय करू नये

माहितीचा अधिकार अधिनियमातील १७ बाबी, ग्रामसभांचे वृत्त, अंदाजपत्रक, विकास आराखडा, कामांची यादी व त्यांची स्थिती, दाखल्यांसाठी लागणारी कागदपत्रे, शुल्क आणि मुदत, एवढे असले तरी संकेतस्थळ भरीव होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये जन्म, मृत्यू व विवाह नोंदणीचे दाखले, नमुना ८ चा उतारा इत्यादी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा नागरिकास हक्क आहे. ती मुदत ठळकपणे द्यावी. ग्रामपंचायतींच्या आराखड्याची व खर्चाची माहिती २०२० पासून ई-ग्रामस्वराज या प्रणालीवर असते. ती पुन्हा टंकलिखित करण्याऐवजी तेथील दुवा द्यावा. एकच आकडा दोन ठिकाणी लिहिला की काही काळाने त्यातील एक चुकीचा ठरतो. ज्या गावांना पेसा कायदा, १९९६ लागू आहे, त्यांनी ग्रामसभेच्या विशेष अधिकारांची माहिती सोप्या शब्दांत दिल्यास तिचा फार उपयोग होईल.

याउलट आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक, लाभार्थ्यांचे भ्रमणध्वनी क्रमांक, आजाराविषयीची माहिती या गोष्टी कदापि चढवू नयेत. लाभार्थ्यांची यादी प्रसिद्ध करणे आवश्यक असते. पण कार्यालयातील मूळ तक्ता जसाच्या तसा चढविला तर हे सारे रकाने सोबत जातात. प्रथम तक्त्याची वेगळी प्रत करावी, तीतून असे रकाने काढून टाकावेत आणि मगच ती प्रसिद्ध करावी. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये केंद्रीय अधिनियम झाला आहे, याचेही भान असावे.

‘गावाची ओळख’ हे पान लिहिण्याच्या कामी शाळेचे साहाय्य घ्यावे. विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून, शिक्षकांनी पडताळून लिहिलेला मजकूर कोठून तरी उतरविलेल्या मजकुरापेक्षा सरस असतो. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाने नाव दिले ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. त्या गावाची पेठ आणि वाटा ज्यांनी पाहिल्या, ती पिढी आता वृद्ध झाली आहे. त्यांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. मात्र दंतकथेस दंतकथाच म्हणावे आणि भूगोल तपासून लिहावा. भीमाशंकरला जाणारा एक मार्ग मंचर-घोडेगावहून जातो. देवस्थान मात्र खेड तालुक्यात आहे, हे पुष्कळदा विसरले जाते.

चावी कोणाकडे?

कामानिमित्त गावोगाव जाताना प्रस्तुत लेखकाने एका ग्रामपंचायतीत पाहिलेला प्रकार येथे सांगण्यासारखा आहे. गावाने मोठ्या हौसेने संकेतस्थळ करून घेतले होते. त्याची बातमी आमच्याच कार्यालयाने प्रसृत केली होती. काही वर्षांनी त्याच गावाविषयी लेख लिहिण्यासाठी संकेतस्थळ उघडून पाहिले, तर त्या नावावर भलतीच जाहिरात होती. चौकशी करता कळले, की नाव करून देणाऱ्याच्या नावे नोंदविलेले होते, त्याचा व्यवसाय बंद पडला होता आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्याच जुन्या ई-मेलवर गेली होती. ज्या अधिकाऱ्यांनी काम करवून घेतले त्यांची बदली झालेली, सरपंचही नवे. प्रतिलिपी कोणाकडेच नव्हती. चार वर्षांच्या ग्रामसभांचे वृत्तान्त आणि गावातील एका निवृत्त गुरुजींनी लिहिलेला गावाचा इतिहास त्याबरोबर गेला. गुरुजी तोवर हयात नव्हते आणि हस्तलिखित घरी सापडले नाही. उद्घाटनाची बातमी देताना ‘नाव कोणाच्या नावे आहे?’ हा एक प्रश्न आम्हीही विचारला नव्हता, याची रुखरुख आजही आहे.

हे टाळणे अवघड नाही. पदभार सोपविताना शिक्के, रोखवही, दप्तर आणि कपाटाच्या चाव्या यांची यादी होते. त्या यादीत आणखी चार ओळी हव्यात : नावाची नोंदणी कोठे आहे व तिची मुदत केव्हा संपते, जागा कोणाकडे आहे, प्रशासकाचे खाते कोणत्या ई-मेलवर आहे, शेवटची प्रतिलिपी कोठे व कोणत्या तारखेची आहे. परवलीचा शब्द यादीत लिहू नये. तो नव्या अधिकाऱ्याच्या समक्ष बदलावा आणि जुन्या अधिकाऱ्याचे खाते बंद करावे.

प्रणालीतच अधिकारांच्या पायऱ्या असतात. वर्डप्रेसमध्ये प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता अशा भूमिका आहेत. योगदानकर्त्यास मसुदा लिहिता येतो, प्रसिद्ध करता येत नाही; संपादकास तो तपासून प्रसिद्ध करता येतो. केंद्रचालक व शिक्षक यांना योगदानकर्ता करावे आणि ग्रामपंचायत अधिकारी संपादक असावेत. प्रशासकाचे खाते वेगळे ठेवून क्वचितच उघडावे. एकच परवलीचा शब्द सर्वांत वाटून घेण्याची सवय मोडावी. प्रत्येकाचे खाते स्वतंत्र असले म्हणजे कोणी काय केव्हा बदलले याचा माग राहतो. मजकुराच्या पूर्वीच्या आवृत्त्याही प्रणाली जपून ठेवते. प्रसिद्ध झालेल्या ठरावाचा मजकूर नंतर बदलावा लागला, तर बदलाची तारीख व कारण खाली नमूद करावे. दप्तरात खाडाखोड केल्यास सही करावी लागते. येथेही तोच दंडक पाळावा.

देखभालीचे वेळापत्रक साधे असावे. आठवड्यातून एकदा जुन्या सूचना पाहून मुदत संपलेल्या हलवाव्यात. महिन्यातून एकदा प्रणाली, थीम व प्लगइन यांच्या सुधारणा कराव्यात, त्यापूर्वी प्रतिलिपी घ्यावी आणि तिची एक प्रत कार्यालयाबाहेर ठेवावी. वर्षातून एकदा त्या प्रतिलिपीवरून संकेतस्थळ पुन्हा उभे राहते की नाही, याची प्रत्यक्ष परीक्षा करावी. कधी उघडून न पाहिलेली प्रतिलिपी असून नसल्यासारखीच.

मर्यादेचे भान

संकेतस्थळाने सर्व काही साधेल, असा समज करून घेऊ नये. आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा मृत्यू झाला. गाव दिसेनासे झाल्याचे बाहेर कळले ते तेथे पोहोचलेल्या एसटीच्या चालकामुळे. अशा प्रसंगी वीज नसते, संपर्क नसतो. फलकही उपयोगी पडत नाही आणि संकेतस्थळही नाही. उपयोगी पडते ती आधी केलेली तयारी. वाडीवार संपर्काची माणसे, निवाऱ्याची जागा, आरोग्य केंद्र व तहसील कार्यालयाचे क्रमांक, अतिवृष्टीत घ्यावयाची काळजी ही माहिती पावसाळ्यापूर्वी संकेतस्थळावर अद्ययावत करावी, तिच्याच छापील प्रती वाडीवाडीत लावाव्यात आणि दवंडीही पिटावी. संकेतस्थळ हे या साऱ्याचे मूळ दप्तर असावे. त्यांना पर्याय नव्हे.

शेवटी एका लहान ओळीविषयी. संकेतस्थळाच्या तळाशी ‘अंतिम अद्ययावत दिनांक’ अशी ओळ असते. वाचकाने प्रथम ती पाहावी आणि ग्रामपंचायतीनेही रोज ती पाहावी. ती तारीख ताजी असेल तर गावाचे दप्तर चालू आहे. ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर वरची सजावट कितीही सुंदर असो, तेथे कोणी राहत नाही. नाणेघाटातील लेख कोरणाऱ्याला एकदाच मेहनत पडली आणि दगडाने ती दोन हजार वर्षे सांभाळली. आपल्याला दगडाचा आधार नाही. आपल्या अक्षराला टिकविणारी गोष्ट एकच : ते सांभाळणारा माणूस, आणि त्याच्यानंतर येणाऱ्याच्या हाती त्याने सोपविलेली चावी.